बोंडअळीचा अधिकृत फोटो

ज्या साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी उतरली, त्या सालची ही गोष्ट. बियाण्याच्या पाकिटावर स्पष्ट छापलेलं होतं की या वाणावर बोंडअळी येत नाही. अळीला वाचता येत नसल्यामुळे ती आली. देऊळघाटच्या शिवारात तर अशी आली, की बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, पाहायला आलेल्या नवरदेवासारखं; आणि फोडून बघावं तर आत पिवळी कवडी, म्हणजे किडका गठ्ठ कापूस, आणि तिच्यावर पाहुण्यासारखी ऐसपैस पसरलेली अळी.

शासनाने मदत जाहीर केली. मदतीसाठी अर्ज करायचा होता, आणि अर्जासोबत नुकसानीचा फोटो जोडायचा होता. भगवानरावांनी चार एकरात कपाशी लावली होती. त्यांनी अर्ज भरला, अंगठ्याशेजारी सहीही केली, म्हणजे कुठे कमी पडायला नको, आणि फोटोसाठी ते सरळ गनीभाईंच्या दुकानात गेले.

अब्दुल गनी धंद्याने पिंजारी. बसस्टँडमागे त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. कापूस चिमटीत धरला की तो कोणत्या शिवाराचा आणि वेचणारीचा हात हलका की जड, हे ते सांगत. फोटो हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. मुलगी अलीजा लग्न होऊन जळगाव जामोदला गेली, तेव्हा तिने नवा मोबाईल नेला आणि जुना बापाला दिला. त्याचं पाठचं झाकण रबरबँडने बांधलेलं असे आणि काचेच्या कोपऱ्याला तडा होता. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत उजव्या बाजूला वीज पडत असे.

पण गनीभाईंचा फोटो बोलायचा. वामनरावांनी एकदा आपल्या मुलाचा फोटो काढायला सांगितला, मुलीवाल्यांना पाठवायला. "पोरगा शेतात राबते, तसाच काढ," असं बजावून सांगितलं. गनीभाई सकाळी दहाला गेले. पोरगा बाजेवर आडवा झाला होता, आई डोक्यावर हंडा घेऊन त्याच्या पायथ्याशी उभी होती, आणि बैल मालकाची वाट पाहून दाराकडे तोंड करून बसला होता. गनीभाईंनी तिघांनाही एकाच फोटोत घेतलं. स्थळ मोडलं. मुलीच्या बापाने गनीभाईंना साखर पाठवली.

तर गनीभाई भगवानरावांच्या शेतात गेले. भगवानराव कपाशीच्या झाडाशेजारी ताठ उभे राहिले आणि त्यांनी एक किडकं बोंड तोंडासमोर धरलं. त्या साली सगळ्या तालुक्यात असाच फोटो चालू होता.

"भगवान, तू बाजूले व्हय बे," गनीभाई म्हणाले. "तुयं तोंड तर दर सालीच असं असते. साहेबाले काय समजन, अळीनं केलं का देवानं?"

मग त्यांनी भगवानरावांच्या बायकोला, मनकर्णावहिनींना, आणि वेचणीला आलेल्या चार बायांना हाक मारली. कपाशी वेचताना बाया पोटाशी लुगड्याची ओटी बांधतात आणि कापूस तीत भरत जातात. संध्याकाळी एकेकीचं पोट भोपळ्याएवढं दिसतं. गनीभाईंनी पाचही जणींना मावळतीच्या उजेडात बांधावर एका रांगेत, आडवं तोंड करून उभं केलं. दिवसभराची वेचणी झालेली होती आणि पाचही ओट्या सपाट होत्या.

"काऊन असं आडवं उभं करून राह्यले, गनीभाऊ?" आशाबाई म्हणाल्या.

"पोट दिसाले पाह्यजे."

मनकर्णाबाईंनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, रांगेतल्या पोटांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मांगच्या साली समद्यायले नववा महिना होता, मायबाई! औंदा तर कोनालेच दिवस नाही गेले!"

पाचही जणी खदखदून हसल्या. त्याच क्षणी गनीभाई जमिनीवर पालथे पडले. मोबाईलच्या अगदी पुढे त्यांनी सुपात एक फुटलेलं बोंड ठेवलं होतं आणि त्यावरून अळी निवांत चालली होती. फोटोत ती अजगराएवढी आली. मागे हसणाऱ्या पाच सपाट बाया, पुढे भरल्या पोटाची एक अळी, आणि उजवीकडे वीज. कोणी काय खाल्लं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

हा फोटो घेऊन दोघं कृषी सहायक उत्तमरावांकडे गेले. उत्तमराव भला माणूस. फोटो बघून ते आधी पोट धरून हसले, आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काय फोटो आहे, गनीभाई! यानंतर पंचनाम्याची गरजच नाही," ते म्हणाले, आणि खणातून एक परिपत्रक काढलं. "पण हा चालणार नाही."

पीक-नुकसान छायाचित्र प्रमाणीकरण कक्ष नावाचा एक नवा कक्ष त्याच महिन्यात उघडला होता. त्याच्या परिपत्रकात म्हटलं होतं: नुकसानीचे छायाचित्र हे कक्षाच्या यादीवरील प्राधिकृत छायाचित्रकारानेच, किमान चोवीस मेगापिक्सेलच्या, भिंग विलग करता येणाऱ्या कॅमेऱ्याने, तिपाईवर ठेवून काढलेले असावे. अप्राधिकृत व्यक्तीस दिसलेले नुकसान हे नुकसान समजण्यात येऊ नये.

"भिंग विलग म्हंजे काय?" भगवानरावांनी विचारलं.

"म्हणजे कॅमेऱ्यापासून सुटं करता येतं असं."

"मंग याचं तर समदंच सुटं होते," असं म्हणून भगवानरावांनी रबरबँड ओढला. मोबाईलचे तीन भाग टेबलावर पडले. उत्तमरावांनी खेदाने मान हलवली. परिपत्रकात बॅटरी विलग होण्याबद्दल काहीच म्हटलेलं नव्हतं.

तालुक्यात यादीवरचा छायाचित्रकार एकच होता. ज्ञानेश्वर. वय सव्वीस, अंगात चौदा खिशांचं जाकीट, गळ्यात कोपरापर्यंत लांब पांढरी लेन्स. त्याचा हातखंडा लग्नाआधीच्या फोटोंचा. अमडापूरपासून चिखलीपर्यंतच्या सगळ्या नवरानवरींना त्याने एकाच वडाखाली पळवलं होतं.

तो भगवानरावांच्या शेतात आला तेव्हा सोबत दोन छत्र्या, तीन दिवे, तिपाई आणि एक ड्रोन होता. ड्रोन वर गेला, तसे बैल दावं तोडून देऊळघाटच्या दिशेने गेले. त्यांना आणायला भगवानराव धावले, आणि ज्ञानेश्वर ओरडला, "वा काका! असंच पळा! आता काकूंकडे बघून पळा!"

"कोनाकडे?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास भगवानराव आणि मनकर्णाबाई कपाशीच्या सरीतून एकमेकांच्या दिशेने चालत होते. चाळीस वर्षांच्या संसारात ते प्रथमच एकमेकांकडे इतका वेळ बघत होते, आणि दोघांनाही ते जड जात होतं. मनकर्णाबाईंच्या हातात कपाशीचं फूल दिलं गेलं. भगवानरावांची टोपी तिरकी केली गेली.

बांधावर बसलेल्या गनीभाईंना अखेर राहवलं नाही. "अरे बेटा, अळी?"

"घेतो ना चाचा." ज्ञानेश्वरने लेन्स बोंडाजवळ नेली. लेन्स गुरगुरली आणि काहीच दिसेना. "ही फार महागाची लेन्स आहे," तो अभिमानाने म्हणाला. "पाच फुटांच्या आतलं हिला काही दिसत नाही."

पाच फुटांवरून अळी त्याला दिसली नाही. तरी चुकून एका फोटोत आलीच, बोंडावर गुलाबी ठिपका होऊन. ज्ञानेश्वरने रात्रभर संगणकावर बसून सवयीप्रमाणे सगळे डाग काढून टाकले. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढतो, त्याच हाताने त्याने अळी काढली, बोंडांची भोकं बुजवली आणि कापसाला गोरं केलं. त्या शिवारावर एवढी परिणामकारक फवारणी तोवर कोणीही केली नव्हती.

महिन्याभराने भगवानरावांना कक्षाकडून एकाच दिवशी दोन पाकिटं आली. पहिल्यात लिहिलं होतं: छायाचित्राचे अवलोकन करता पिकाची स्थिती अत्युत्तम असून अर्जदार दांपत्य आनंदी आढळते; सबब खोटा अर्ज का केला, याचा खुलासा सात दिवसांत करावा. दुसऱ्यात लिहिलं होतं: याच छायाचित्राच्या आधारे आपली 'आदर्श कापूस उत्पादक दांपत्य' म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

"आता खुलासा करू का सत्कार घेऊ?" भगवानरावांनी विचारलं.

"सत्काराले शाल भेटते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "खुलाशाले काय भेटते?"

शाल मिळायच्या आधी अभ्यास दौरा आला. आदर्श कपाशी पाहायला एक अख्खी बस भरून शेतकरी शेताच्या बांधावर उतरले. त्यांनी एक बोंड फोडलं, दुसरं फोडलं, दहावं फोडलं. सोबतच्या अधिकाऱ्याने हातातला फोटो पाहिला, समोरचं शेत पाहिलं, आणि वहीत शेरा लिहिला: शेत छायाचित्राशी जुळत नाही, शेतकऱ्याने पंधरा दिवसांत शेत दुरुस्त करून घ्यावे.

तेव्हा मात्र गनीभाई उठले. दुकान बायकोच्या, अख्तरीभाभींच्या, हवाली करून ते भगवानरावांसोबत कक्षात गेले. प्रमाणीकरण अधिकारी शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर पाच वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं लावलेली होती. गनीभाईंनी खिशातून एक बोंड काढलं आणि टेबलावर फोडलं. अळी बाहेर आली, तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि ती परिपत्रकावरून चालू लागली.

साहेब वाकून पाहत राहिले. "छान आहे," ते म्हणाले. "कोणत्या कॅमेऱ्याने काढली?"

"काढली नाही साहेब. हे खरी हाय. जिती हाय."

"खरी फाइलला कशी लावणार?" साहेबांचा प्रश्न रास्त होता. "उद्या ती उठून दुसऱ्याच्या फाइलमध्ये गेली, तर जबाबदार कोण? फोटो आणा."

"पाठवला होता न, उत्तमरावायच्या हातून. माह्या मोबाईलचा."

"मोबाईलने फोटो कोणीही काढतो, चाचा. तुम्ही यादीवर या. फॉर्म घ्या. कॅमेरा दाखवा, लेन्स दाखवा, लेन्सच्या लांबीप्रमाणे वर्ग मिळतो. मग तुम्हाला जे दिसेल ते आम्हाला मान्य."

परतीच्या वाटेवर गनीभाई मान खाली घालून चालले. भगवानरावांना वाटलं, आता गनी खचला. पण गनीभाई मनातल्या मनात माप घेत होते. उशी, लोड, तक्क्या यांची मापं ज्याने आयुष्यभर घेतली, त्याला हातभर लांब गोल वस्तू शिवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

त्या रात्री भगवानरावांच्या घरून कवडीचं एक पोतं आलं. बाजारात ती कोणी फुकट घेत नव्हतं. गनीभाईंनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, भोवती कवडी पिंजून थापली, वरून काळ्या रेक्झिनची खोळ चढवली, दाभणाने टाके घातले, तोंडाशी टॉर्चची काच बसवली आणि मागच्या भोकाला मोबाईल बांधला. सगळं मिळून तान्ह्या पोराएवढं झालं. उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाचं त्यांनी जाकीट शिवलं. त्याला सोळा खिसे ठेवले, ज्ञानेश्वरपेक्षा दोन जास्त.

"या अल्ला," अख्तरीभाभी म्हणाल्या, "लोकायच्या गाद्या पडून राह्यल्या अन् हे काय शिवून राह्यले तुमी? तोफ का?"

"तोफ नोहे. इज्जत," गनीभाई म्हणाले आणि त्यांनी दोरा दाताने तोडला.

ती इज्जत गळ्यात अडकवून ते बसमध्ये चढले आणि कंडक्टरने त्यांना बसायला जागा करून दिली. कक्षाच्या दारात शिपाई उभा राहिला. साहेबांनी तर खुर्चीच पुढे केली आणि मोजपट्टी मागवली. लेन्सची लांबी ज्ञानेश्वरच्या लेन्सपेक्षा तीन बोटं जास्त भरली.

"वजनाला हलकी वाटते," साहेब ती तोलून म्हणाले.

"कापसाची हाय," गनीभाई म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कार्बनची? उत्तम! नवीन तंत्रज्ञान हलकंच असतं." साहेबांनी लेन्स प्रेमाने दाबून पाहिली. ती आत गेली आणि परत वर आली. "धक्का सोसणारी दिसते." आणि त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला: छायाचित्रकार, वर्ग-अ.

गनीभाईंनी लगेच सोळाव्या खिशातून तो जुना फोटो काढून दिला. पाच सपाट बाया, एक अळी, एक वीज.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "आधी तुम्ही मोबाईलचा एक पाठवला होता. थोडा असाच होता."

"तोच हाय साहेब."

"छे, छे! फरक उघड दिसतो. त्यात नुसत्या बाया होत्या. याला एक खोली आहे." त्यांनी बोट विजेवर ठेवलं. "आणि हा प्रकाशाचा परिणाम! मोबाईलने हा येईल का कधी?"

फोटो एका दिवसात प्रमाणित झाला. इतकंच नव्हे, साहेबांना तो एवढा आवडला की त्यांनी तो जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या प्रदर्शनासाठी काढून घेतला. तिथे तो दार-खिडकीएवढा मोठा करून मध्यभागी लावला. खाली पाटी होती: 'गुलाबी पहाट'. छायाचित्रकार अब्दुल गनी, वर्ग-अ. भिंग देशी, लांबी एक हात.

प्रदर्शनाला मनकर्णाबाई आणि त्या चारही बाया नवी लुगडी नेसून गेल्या. आपल्याच फोटोखाली त्या तासभर उभ्या राहिल्या, कोणी ओळखेल म्हणून. कोणी ओळखलं नाही. गर्दी सगळी गनीभाईंच्या लेन्सभोवती होती.

"सर, फोकस स्वयंचलित आहे का?"

"मी पालथा पडतो, मंग होते फोकस," गनीभाई म्हणाले. चारपाच जणांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि दोघं तिथेच सतरंजीवर पालथे पडून बघू लागले.

एक चष्मेवाले गृहस्थ मात्र फोटोसमोर खिळून उभे होते. मनकर्णाबाईंना आशा वाटली. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "हे मी हाव. हे आमची अळी."

"अप्रतिम गुलाबी आहे," ते म्हणाले. "आमच्या दिवाणखान्याच्या पडद्यांना हाच रंग हवा होता. बाया कापून नुसती अळी मिळेल का?"

गर्दी पांगल्यावर ज्ञानेश्वर आला. लेन्स गळ्यात होती, पण मान खाली होती. तो त्या मोठ्या फोटोसमोर उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "चाचा, खरं सांगू का? मले कॅमेरा येते. फोटो नाही येत."

गनीभाईंना एकदम त्याची माया आली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येईन बेटा. कोनाच्या शेतात गेला त पहिले बांधावर बस. त्यायले बोलू दे. मंग हसले का, रडले का, तवा बटन दाब."

ज्ञानेश्वरने मन लावून ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने विचारलं, "हाव चाचा. पण मले अशी एक लेन्स शिवून द्याल का?"

आणि गनीभाईंनी ती शिवून दिली. ज्ञानेश्वरची पाहून दुसऱ्याने मागितली, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने. जिल्ह्यातले फोटोवाले दुकानासमोर रांग लावू लागले. कोणाला दोन हात लांब हवी, कोणाला लाल रेक्झिनची, कोणाला लग्नसराईसाठी मखमली. भगवानरावांच्या शेतातली सगळी कवडी लेन्समध्ये गेली, मग शेजाऱ्यांची गेली. गाद्या मागे पडल्या. अख्तरीभाभी टाके घालायला बसल्या, आणि गनीभाईंना मोबाईल हातात घ्यायलाही फुरसत मिळेना. एका पाहुण्याने तर उशी समजून एक लेन्स डोक्याखाली घेतली आणि उठल्यावर सांगितलं, की इतकी शांत झोप वर्षात लागली नव्हती. मग त्यांचा उश्यांसारखाही खप होऊ लागला.

असंच एका दुपारी दुकान भरलेलं असताना मनकर्णाबाई आल्या. हसतखेळत रांगेतून पुढे झाल्या, शिवून ठेवलेल्या लेन्सांची चळत पाहिली, एक हातात घेऊन दाबली आणि परत ठेवली.

"चांगल्या झाल्या, गनीभाऊ," त्या म्हणाल्या. "बरं, मी काय म्हनत होती. आमच्या अर्जाचं काय झालं?"

गनीभाईंचा दाभण टाक्यातच थांबला.

ते तसेच उठले, जाकीटही न घालता उत्तमरावांकडे गेले. उत्तमरावांनी फाइल काढली. अर्ज होता, सही होती, अंगठा होता. ज्ञानेश्वरचा फोटो सत्काराच्या फाइलला गेल्याने आणि गनीभाईंचा प्रदर्शनासाठी काढून घेतल्याने फोटोची जागा रिकामी होती, आणि तिथे शेरा होता: छायाचित्र जोडलेले नाही, सबब अर्ज निकाली. तारीख प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशीची होती. फेरअर्जाची मुदतही संपून तीन आठवडे झाले होते.

"तीन हप्ते?" गनीभाई म्हणाले. "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," उत्तमराव म्हणाले. "मलाही वाटलं, एवढा फोटो गाजला, म्हणजे काम झालंच असेल."

गनीभाई तिथल्या बाकावर बसले. प्रदर्शनात हजार माणसं तो फोटो बघून गेली होती, पेपरात तो दोनदा छापून आला होता, दुकानासमोर रोज रांग लागत होती. एवढ्या माणसांत त्या अर्जाची चौकशी एका मनकर्णावहिनीने केली. सगळ्यांत जास्त लाज त्यांना स्वतःची वाटली, कारण ज्याच्यासाठी हे सगळं आरंभलं, त्या दोस्ताच्या अर्जाची त्यांनाही आठवण राहिली नव्हती.

लाज त्यांना एकट्यालाच वाटली, हे मात्र नवल. कारण मनकर्णाबाई दुकानात येऊन उभ्या राहीपर्यंत आपणही लेन्सच बघत होतो. तुम्ही तर हसतही होतात.